‘वेब आहेच की’ म्हणणाऱ्यांना

दुर्बीण एक तर डोंगरावर असावी, नाही तर अंतराळात. विमानात बसवली की ती धड इकडची राहत नाही, धड तिकडची, असं एका विद्वानांनी नुकतंच ठणकावून लिहिलं आहे. अमेरिका आणि जर्मनीचं ‘सोफिया’ विमान 2022 मध्ये बंद केलं ते उत्तम झालं, असाही निवाडा त्यांनी देऊन टाकला. कारणं चार: विमान हलतं, खर्च फार, शोधनिबंध कमी, आणि आता जेम्स वेब अंतराळ दुर्बीण आहेच की!

विमान हलतं, दुर्बीण हलत नाही. तेलाच्या दाबावर तरंगणारं गोल बेअरिंग आणि जायरोस्कोप त्यासाठीच होते. वर्षाला सुमारे साडेआठ कोटी डॉलर हा खर्च मोठाच, ते मान्य. शोधनिबंध मोजून विज्ञान तोलणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

पण ‘वेब आहेच की’ हे ऐकवत नाही. वेबची नजर साधारण 28 मायक्रॉनला संपते. तारे जिथे जन्मतात ते थंड वायूचे आणि धुळीचे ढग त्यापुढच्या दूर-अवरक्त पट्ट्यात बोलतात. हे किरण हवेतली वाफ गिळते, म्हणून डोंगरमाथाही पुरत नाही. सोफिया 12-13 किलोमीटरवर, 99 टक्क्यांहून अधिक वाफेच्या वर उडत असे. या पट्ट्यातली हर्शेल अंतराळ दुर्बीण 2013 मध्ये हेलियम संपल्यावर थांबली. मग वेब नेमकी कोणाची जागा घेणार? आणि वेब चंद्राकडे वळूच शकत नाही. क्लेव्हियस विवराच्या उन्हातल्या भागात पाण्याचे रेणू आहेत, हे 2020 मध्ये जाहीर झालं ते सोफियाच्या निरीक्षणांवरून, तेही 6 मायक्रॉनला, वेबच्याच पट्ट्यात! टीका करण्यापूर्वी एवढं तरी तपासायला हवं होतं.

असाच वाद आपल्याकडे फुग्यांवरून झडलेला आहे. उपग्रहांच्या युगात फुगे कसले सोडता, असं तेव्हाही विचारलं जाई. मुंबईच्या शास्त्रज्ञांची एक मीटरची दुर्बीण हैदराबादहून फुग्याखाली वर जाई आणि 158 मायक्रॉनच्या कार्बन-रेषेचे नकाशे घेऊन येई. विचारणारे त्या नकाशांबद्दल अवाक्षर काढत नसत.

विमानाची खरी ताकद दोन गोष्टींत आहे. ते रोज परत येतं, त्यामुळे उपकरण सुधारता येतं. हेलियम हायड्राइडचा आयन 2019 मध्ये एनजीसी 7027 या तेजोमेघात सापडला तो अशाच सुधारलेल्या वर्णपटमापकामुळे. शिवाय विमान सावलीच्या मागे जाऊ शकतं. 10 मार्च 1977 रोजी युरेनसने एक तारा झाकला, तेव्हा कायपर वेधशाळेचं विमान हिंदी महासागरावर होतं. तिथूनच युरेनसची कडी सापडली.

सोफियाचं बोईंग 747 एसपी आता टुसॉनच्या संग्रहालयात उभं आहे. ते पुन्हा उडवा, असा माझा हट्ट नाही. पण पुढच्या वेधशाळांची यादी करताना विमान हा पर्याय आधीच खोडू नका, आणि खोडणारच असाल तर दूर-अवरक्त पट्टा कशाने पाहणार ते आधी सांगा.