प्राण वाचले, पुढे काय?

दुचाकीच्या अपघातात मेंदूस इजा झालेला रुग्ण बांबोळीच्या इस्पितळातून काणकोणला परततो. प्राण वाचतात, परंतु स्मृती व एकाग्रता पूर्ववत होतेच असे नाही. अशांना डोळ्यांवर उपकरण चढवून आभासी बाजारात खरेदीचा सराव देता येतो. तेथे चुकल्यास इजा नाही, हा त्याचा गुण. तथापि पक्षाघाताच्या २,४७० रुग्णांवरील ७२ चाचण्या तपासणाऱ्या २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात, नेहमीच्या उपचारांस जोड दिल्यास हाताच्या हालचालींना लाभ संभवतो, बौद्धिक लाभाचा पुरावा मात्र अपुरा, असेच आढळले. यंत्र हे साधन आहे. सराव घेणारा माणूसच नसेल तर ते काय कामाचे? सरकारने आधी तालुक्या-तालुक्यांत प्रशिक्षित पुनर्वसनतज्ज्ञ नेमावेत, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.