‘कॅसिओ’ घेण्यापूर्वी

गेल्या चातुर्मासात आमच्या कळंब्यातील घरी एक वाद्य आले आणि दिवाळीपूर्वीच ते पलंगाखाली गेले. दोष वाद्याचा नव्हता, दोष माझा होता. नऊ वर्षांच्या नातीने शेजारच्या पेटीवर एक स्तवन नुसते ऐकून वाजवून दाखविले, त्या आनंदात मी दुसऱ्याच दिवशी बाजारात गेलो. ‘शंभर आवाज, पन्नास ठेके’ असे खोक्यावर ठळक छापलेले होते, किंमतही खिशाला न बोचणारी होती. लक्ष्मीपुरीतील पेढीवर चाळीस वर्षे मूठभर दाणे तळहातावर घेऊन मालाची पारख करणारा मी, त्या दिवशी मात्र खोके उघडूनही न पाहता पैसे मोजून मोकळा झालो.

घरी आल्यावर कळले, की पट्ट्या लहान आहेत. बाहुलीच्या भांड्यांसारख्या. शिकवणीत बाईंकडे पूर्ण मापाचे वाद्य होते. तेथे ‘सा’पासून वरच्या ‘सा’पर्यंत हात जेवढा पसरावा लागे, त्याहून घरी बराच कमी. मुलीची बोटे दोन ठिकाणी दोन अंतरे शिकू लागली आणि दोन्हीकडे चुकू लागली. घरचे वाद्य हळू दाबले तरी तेवढेच वाजे, जोरात दाबले तरी तेवढेच. दोन महिन्यांनी बाईंनी निरोप पाठविला, “आजोबा, वाद्य तरी बदला, नाहीतर शिकवणी थांबवा. मुलीचा कान चांगला आहे, तो बिघडेल.” नात काहीच बोलली नाही. तिने सरावाच्या वेळी गृहपाठ काढून बसायला सुरुवात केली, एवढेच.

आपल्यापैकी अनेक घरांत मुलांना हे वाद्य घेण्याचा विचार चालू असतो, आणि बहुतेक ठिकाणी निर्णय माझ्यासारख्याच, वाद्यातले काही न कळणाऱ्या माणसाच्या हाती असतो. म्हणून या वेळचे सदर या खरेदीसाठी.

प्रथम नावाविषयी. आपल्याकडे पट्ट्यांचे कोणतेही विजेचे वाद्य म्हणजे ‘कॅसिओ’. वास्तविक कॅसिओ हे एका जपानी कंपनीचे नाव, आणि व्यापाऱ्याला ते गल्ल्यावरील गणकयंत्रामुळे अधिक परिचित. १९८० च्या सुमारास याच कंपनीने व्हीएल-१ नावाचे एक चिमुकले यंत्र काढले होते. ते गणकयंत्रही होते आणि वाद्यही! त्याच वर्षांत त्यांची कॅसिओटोन वाद्ये बाजारात आली आणि पुढे ते नावच आपल्याकडे वाद्याचे नाव झाले. दुकानात गेल्यावर मात्र दोन जाती वेगळ्या ओळखाव्या लागतात. एकीत ठेका, साथ, ध्वनिवर्धक सारे आत असते. बटण दाबले की मागे तबला-ढोलक सुरू होते. घरी शिकणाऱ्याचे वाद्य ते हेच. दुसरी जात खऱ्या अर्थाने सिंथेसायझर. त्यात आवाज घडविण्याची, बदलण्याची, बाहेरून भरण्याची सोय असते, आणि ध्वनिवर्धक बहुधा नसतोच, कारण ते मंचावर मोठ्या यंत्रणेला जोडायचे असते. मुलासाठी हे दुसरे वाद्य आणले, तर हेडफोन अथवा वेगळा स्पीकर लावल्याखेरीज घरात ते मुकेच राहील.

हे सारे मला समजावून सांगितले ते आमच्या भागातील एका तरुण वादकाने. विधाने, पंचकल्याणके, रात्रीची भावना, गणेशोत्सव, लग्ने असा त्याचा वर्षभराचा प्रपंच या पट्ट्यांवर चालतो. तो पेढीवर आला होता वेगळ्याच कामासाठी. ते पुढे सांगेन. त्याने मला पहिली गोष्ट सांगितली ती अशी, “काका, आवाज किती आहेत हे विचारूच नका. चारशे असोत की आठशे, माणूस दहा वाजवतो.”

मग त्याने उदाहरण दिले. कॅसिओचेच सीटी-एस२०० आणि सीटी-एस३०० हे दोन नमुने शेजारी ठेवले, तर नवख्याला भाऊ-भाऊ वाटतील. दोन्हींत पूर्ण मापाच्या ६१ पट्ट्या, दोन्हींत ४०० आवाज. परंतु पहिल्यात टच रिस्पॉन्स नाही, दुसऱ्यात आहे. टच रिस्पॉन्स म्हणजे बोटाच्या आघाताप्रमाणे आवाज लहानमोठा होणे. यंत्र मोजते तो पट्टी खाली जाण्याचा वेग. शिवाय दुसऱ्यात डाव्या हाताशी स्वर वाकविण्याचे एक चाक आहे. आपल्या संगीताला हे चाक फार मोलाचे, कारण मींड नुसत्या पट्ट्यांवर येत नाही. यामाहाच्या पीएसआर-ई२७३ आणि पीएसआर-ई३७३ यांतही मुख्य भेद याच टच रिस्पॉन्सचा. पहिल्यात एका वेळी ३२ स्वर वाजू शकतात, दुसऱ्यात ४८. ठेका चालू असताना, पेडल दाबून धरल्यावर आधीचे स्वर मध्येच तुटू लागतात ते या मर्यादेमुळे. नवख्याला ३२ ही पुरतात. टच रिस्पॉन्स नसणे मात्र पहिल्या वर्षापासून नडते.

म्हणून शिकणाऱ्यासाठी माझी शिफारस अशी: पट्ट्या पूर्ण मापाच्या, ६१, म्हणजे पाच सप्तके, टच रिस्पॉन्स असलेल्या, आणि पेडल जोडण्याचे छिद्र असलेले वाद्य. अगदी स्वस्त नमुन्यांत हे छिद्र नसते, वाद्य उलटे करून पाहून घ्यावे. एवढे मिळाले की बाकीच्या साऱ्या करामती सोडून द्याव्यात. आपल्याकडील शिकणाऱ्यांसाठी यामाहाने पीएसआर-आय मालिका काढली आहे, तिच्या आय५०० मध्ये तबला-तानपुऱ्यासह रियाजाची सोय आहे. कॅसिओच्या ‘आयएन’ अक्षरांच्या नमुन्यांतही भारतीय वाद्यांचे आवाज आहेत. स्तवने, भजने, भावगीते वाजवायची असतील तर ही वाद्ये दोन-चार हजार अधिक देऊन घेण्यासारखी. पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षा द्यायच्या असतील तर मात्र त्या अभ्यासक्रमात वाद्याविषयी घातलेल्या अटी आधी वाचाव्या, मग दुकानाची पायरी चढावी.

हेडफोन हा खर्च नव्हे, गरज आहे. आमच्या घरी आजीचे सामायिक ४८ मिनिटांचे, आणि नातीच्या सरावाची वेळही नेमकी तीच. हेडफोनमुळे दोघींचीही साधना अखंड चालते.

‘त्यापेक्षा पेटीच का नको?’ असे एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी मला विचारले. प्रश्न रास्त आहे. गायन शिकणाऱ्याला पेटी आजही उत्तम. परंतु पेटीवर डावा हात भात्यात गुंततो. येथे दोन्ही हात मोकळे राहतात. ‘हे परदेशी, हे आपले नव्हे’ असा आक्षेप असेल, तर आपल्या कोल्हापूरचाच इतिहास आठवावा. पेटीही परदेशातूनच आली. ठरलेल्या स्वरांच्या या वाद्यात श्रुतींना जागा नाही, या कारणासाठी आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत शिथिल झाली नाही. आणि त्याच पेटीवर कोल्हापूरच्या गोविंदराव टेंबे यांनी असे प्रभुत्व मिळविले, की भास्करबुवा बखले यांच्यासारख्या गवयाला त्यांची साथ लाभली. प्रभातने १९३२ मध्ये येथेच बनविलेल्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाचे संगीतही टेंब्यांचेच. श्रुतींचा आक्षेप या नव्या वाद्यालाही लागू आहे, तो खोटा नाही. काही वाद्यांत प्रत्येक स्वर किंचित चढविण्या-उतरविण्याची सोय असते, पण पहिल्या दोन वर्षांत तिचे काम पडत नाही. आणखी एक गोष्ट जाता जाता. तबल्याच्या तोंडावर कातडे असते, पेटीच्या आतही चामडे वापरलेले असते, जुन्या पियानोंच्या पट्ट्यांवर हस्तिदंत असे. या प्लास्टिकच्या वाद्यात यांतले काही नाही. ज्या घरांत या गोष्टीचा विचार होतो, त्यांना हे ठाऊक असावे.

ट्रान्सपोजच्या बटणापासून मात्र मुलांना दूर ठेवावे. हे बटण दाबले की पांढरी एकचीच बोटे ठेवून काळी पाचचे गाणे वाजते. समारंभात गायक ऐनवेळी पट्टी बदलतो तेव्हा वादकाला ते तारून नेते; शिकणाऱ्याला ते आयुष्यभर एकाच पट्टीत कोंडून ठेवते.

आता त्या तरुणाच्या कामाविषयी. तो उचल मागायला आला होता. गेल्या मोसमात एका विधानात, सायंकाळच्या आरतीच्या वेळी, त्याचे वाद्य मध्येच बंद पडले. घरगुती वाद्य मंचावर वापरण्याचा हा परिणाम. त्या वाद्याला ध्वनियंत्रणेसाठी स्वतंत्र जोडणी नव्हती, हेडफोनच्या छिद्रातूनच आवाज बाहेर काढलेला. अडॅप्टरची पिन नेहमीच्या ने-आणीत सैल झालेली. कोणाचा तरी पाय वायरीला लागला, आणि तीनशे माणसांची आरती टाळ्यांवर आली. यजमान एक शब्दही बोलले नाहीत. परंतु पुढच्या दोन विधानांची बोलावणी दुसऱ्या वादकाला गेली.

“किती लागतील?” मी विचारले. त्याच्या मनात रोलँडचे एक्सपीएस-१० होते. त्यात आत ध्वनिवर्धक नाही, पण डाव्या-उजव्या बाजूच्या दोन स्वतंत्र मोठ्या जोडण्या आहेत, स्वर वाकविण्याची दांडी आहे, भारतीय आवाज आहेत, आणि पेन ड्राइव्हवरून स्वतःचे आवाज भरता येतात. वाद्यवृंदांत हे वाद्य आपल्याकडे अनेक ठिकाणी दिसते. याचा एक उपयोग असा, की ते बिघडले तर दुरुस्त करणारा सापडतो, आणि विकायचे म्हटले तर घेणारा सापडतो. कामकऱ्याने वाद्य निवडताना हा हिशेब आवाजाइतकाच महत्त्वाचा मानावा. कोणाकडेच नसलेले अपूर्व वाद्य दुरुस्तीविना महिनाभर पडून राहते.

घरच्या मंडळींना ही रक्कम फार वाटली. मी पेढीवरचा कागद ओढला. समजा, वाद्य ४५,००० रुपयांचे. पाच वर्षे चालले आणि शेवटी १५,००० ला गेले, तर घसारा ३०,०००, म्हणजे वर्षाला ६,०००. वर्षात ६० कार्यक्रम धरले तर प्रत्येक कार्यक्रमामागे १०० रुपये. ज्याला वर्षात पाचच कार्यक्रम आहेत, त्याला हाच आकडा १,२०० चा पडतो. त्याने भाड्याने वाद्य आणावे. नातीच्या वाद्याला हा हिशेब लागतच नाही, तो घरखर्च आहे. याचे मात्र भांडवल आहे, आणि भांडवलात काटकसर कोठे करावी हे आपल्याला कोणी शिकवायला नको. बैलगाडी घ्यावी, पण चाक मोडके घेऊ नये.

जुने वाद्य घेण्यास हरकत नाही, पण पारख करून. प्रत्येक पट्टी, पांढरी-काळी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी हळू वाजवून पाहावी. एखादी एकदम ओरडली किंवा मुकी राहिली, तर तिच्याखालचा रबरी संपर्क झिजला वा मळला आहे. हे काम दुरुस्त होते, किंमत मात्र त्याप्रमाणे उतरवून घ्यावी. ध्वनीचे बटण फिरविताना खरखर येते का ऐकावे. वायर लावल्यावर ती हळूच हलवून पाहावी. आणि वाद्य उलटे करून खालचे स्क्रू पाहावेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत आपल्याकडे किती घरांत, किती दुकानांत पाणी शिरले, हे आपण विसरलेलो नाही. स्क्रूंवर गंज असेल तर ते वाद्य फुकटही घेऊ नये. अडॅप्टर मूळचाच मागावा. दोन कंपन्यांच्या अडॅप्टरांचा दाब वेगळा असतो, पिनेतील धन-ऋणही उलट असू शकते. ‘बसतो ना छिद्रात’ म्हणून लावला तर आतली पाटी जळते.

नवे घेताना पक्के बिल घ्यावे, त्यावर वाद्याचा क्रमांक लिहून घ्यावा. हमीच्या काळात बिलाविना कोणी दारात उभे करीत नाही. आणि मृगाच्या आधी वाद्यासाठी कापडी झाकण शिवून घ्यावे. कळंब्याकडच्या पावसात भिंतींना जी ओल येते, ती पट्ट्यांच्या खालीही पोहोचते. वाजवून झाल्यावर वायर काढून ठेवावी. वळवाच्या विजांचा भरवसा नाही.

तरुणाला उचल दिली. व्याज घेतले नाही, त्याऐवजी त्याचे जुने वाद्य घेतले. रास्त किंमत ठरवून ती उचलीतून वजा केली. तेही पूर्ण मापाच्या ६१ पट्ट्यांचे, टच रिस्पॉन्स असलेले. सैल पिनेची जागा त्याने स्वतःच डाग देऊन पक्की केली. घरात ते एका जागी राहणार, तेव्हा त्या दुखण्याची आता भीती नाही. आधी घेतलेले लहान वाद्य पाच वर्षांच्या नातवाकडे गेले. तो त्यावर एकच बोट आणि एकच ठेका वाजवितो, आणि आम्हा सर्वांना हैराण करतो.

जुन्या वाद्यावर, चौथ्या काळ्या पट्टीच्या वर, पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा होता. त्यावर बारीक अक्षरांत लिहिले होते, ‘आरती – येथून’. पुसून-झाडून देताना मी तो काढू लागलो, तर नातीने हात धरला. आता ती रोज सायंकाळी तेथूनच सुरुवात करते.