पावसाआधी येतो तो वारा

हवापाणी : साप्ताहिक स्तंभ

उजनीच्या जलाशयात 21 मे 2024 च्या संध्याकाळी कळाशी आणि कुगाव यांच्या दरम्यान सात जणांना घेऊन निघालेली होडी उलटली. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले. बाकीचे सहा जण गेले, त्यांत दोन लहान मुलं होती. कळाशी इंदापूर तालुक्यात, कुगाव करमाळ्यात. रस्त्यानं जायचं तर जलाशयाला मोठा वळसा पडतो, म्हणून दोन्ही काठांवरची माणसं पाण्यावरूनच ये-जा करत आली आहेत. पूर नव्हता, धरणाचे दरवाजे उघडलेले नव्हते. उलट त्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ्यात गेलं होतं, पाणी कितीतरी मागं सरलं होतं. मधोमध गेल्यावर वारं सुटलं, लाटा होडीत शिरल्या आणि पुढचं सगळं काही मिनिटांत घडलं.

त्याआधी आठच दिवस, 13 मे रोजी, मुंबईत धुळीचं वादळ आलं. घाटकोपरला 120 फुटी होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून 17 माणसं मेली. त्या प्रकरणाची महिनोन्‌महिने चर्चा झाली, आणि व्हायलाच हवी होती. उजनीची बातमी मात्र चार दिवसांत मागं पडली. दोन्ही ठिकाणी जीव घेणारा वारा वळवाच्या दिवसांतलाच होता. मराठवाड्याला हा वारा चांगला ओळखीचा आहे, पण पाण्यावर तो काय करतो याचा विचार इथं फारसा होत नाही.

हा वारा येतो कुठून? एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढते आणि तिचे उंच काळे ढग बनतात. ढगातला पाऊस खाली पडू लागला की वाटेतल्या कोरड्या हवेत त्यातला बराचसा वाफ होऊन जातो. त्यानं हवा गार पडते, जड होते आणि वेगानं खाली येते. हंडाभर पाणी फरशीवर ओतावं तशी ती जमिनीवर आपटून चहूकडं पसरते. पसरताना ती ढगाच्या पुढं दहा-पंधरा किलोमीटर, कधी त्याहूनही लांब धावते. म्हणून डोक्यावर ऊन असतं, ढग लांब दिसतो, थेंबही पडलेला नसतो आणि झाडं अचानक वाकू लागतात. शेतात असलेल्या माणसाला निदान धुळीची भिंत येताना दिसते. पाण्यावर धूळ उठत नाही. तिथं वाऱ्याआधी दिसते ती फक्त काळपट झालेल्या पाण्याची पट्टी, आणि ती दिसेपर्यंत वेळ गेलेली असते.

जागतिक हवामान संघटनेच्या व्याख्येत अशा सोसाट्याच्या वाऱ्याचा वेग एकाएकी ताशी किमान 30 किलोमीटरनं वाढतो, 40 च्या पुढं जातो आणि निदान मिनिटभर टिकतो. हा मिनिटभर किती मोठा असतो हे काइटसर्फिंग करणाऱ्यांना विचारावं. पायाखाली फळी, कमरेला पट्टा आणि वीस-चोवीस मीटर लांब दोऱ्यांवर आकाशात सात ते बारा चौरस मीटरचा पतंग, असा हा खेळ. गोव्यात मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर तो पाहायला मिळतो, आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदाच खेळला गेला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. ताशी 20 किलोमीटरच्या वाऱ्याला बेतून घेतलेला पतंग 60 च्या वाऱ्यात माणसाला उचलून नेतो. खोल समुद्रात असं झालं तर तो पाण्यात पडतो. काठाजवळ झालं तर खडक, झाड, कुंपण, भिंत यांवर आदळतो. या खेळात काठ हीच सर्वांत धोक्याची जागा समजली जाते.

म्हणून या खेळाचे नियम कडक आहेत, आणि बहुतेक नियम पाण्यात उतरण्याआधी पाळायचे आहेत. काठाकडून पाण्याकडं वाहणाऱ्या वाऱ्यात उतरायचं नाही, कारण परत येता येत नाही. वारा ज्या दिशेला जातो त्या बाजूला मोकळी जागा नसेल तर पतंग उडवायचाच नाही. एका झटक्यात पतंगाचा जोर काढून टाकणारी कळ समोर हाताशी हवी, आणि ती डोळे मिटून सापडली पाहिजे. क्षितिजावर गडगडणारा ढग दिसला की वारा कितीही छान असो, पतंग खाली उतरवायचा. ढग जवळ येईपर्यंत अजून एक फेरी मारू, असं म्हणणाऱ्याला या खेळात कुणी धाडसी म्हणत नाही.

नांदेड-लातूरला समुद्र नाही, मग पतंगाच्या या खेळाशी आपला काय संबंध, असं वाटेल. संबंध पाण्याचा आहे. नांदेडला लागून विष्णुपुरीचं पाणी आहे, लोह्याकडं लिंबोटी आहे. लातूरकरांची तहान भागवणारं मांजरा धरण धनेगावला आहे, निलंग्याला जवळ माकणीचं निम्न तेरणा धरण आहे. पैठणचा नाथसागर तर 55 किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी 27 किलोमीटर रुंद. एवढ्या मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला अडवायला काही नसतं. समुद्रापेक्षा हे पाणी उथळ, त्यामुळं लाटा आखूड, उभ्या आणि एकामागून एक येणाऱ्या. होडीचा काठ पाण्यापासून हातभर वर असेल तर अशा चार लाटा पुरतात. शिवाय इथला काठ म्हणजे मऊ वाळू नव्हे. एका बाजूला धरणाच्या भिंतीचं दगडी पिचिंग, दुसऱ्या बाजूला पाण्याखाली गेलेल्या बाभळी आणि मासेमारीची जाळी. वळवाचा वारा दिशाही फिरवतो, तेव्हा दहा मिनिटांपूर्वी सुरक्षित वाटणारी बाजूच उलटी पडते.

या पाण्यावर आजही माणसं कशावर बसून जातात? 2023 साली गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची मुलं जायकवाडीच्या फुगवट्यातून थर्माकोलच्या तराफ्यावर शाळेत जातात, ही बातमी देशभर गेली. थर्माकोल बुडत नाही, म्हणून तो सुरक्षित वाटतो. पण तो पाण्यावर इतका हलका बसतो की वारा आला की तो वाऱ्याचाच होऊन जातो. वर बसलेल्या मुलाच्या हातातल्या वल्ह्याला तिथं काहीच अर्थ उरत नाही.

आणखी एक गोष्ट मराठवाड्याची म्हणून सांगायला हवी. ज्या लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या मुलांनी पोहायला शिकायचं कुठं? विहिरी आटलेल्या, धरण कोरडं. पुढं धरण भरतं तेव्हा तीच मुलं हौसेनं काठावर येतात. खोल पाण्याची सवय नसलेल्या पिढीसमोर अचानक मोठं पाणी येतं, आणि त्या पाण्याची माहिती देणारं तिथं कुणी नसतं.

धरणाच्या पाण्यावर खेळ नकोत असं या स्तंभाचं म्हणणं मुळीच नाही. हांगझोच्या आशियाई खेळांत शिडाच्या होडीत रौप्य मिळवणारी नेहा ठाकूर आणि विंडसर्फिंगमध्ये कांस्य मिळवणारा इबाद अली, दोघंही समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, भोपाळमध्ये घडले. आपल्याकडंही 2024 मध्ये कोयनेच्या शिवसागरावर मुनावळे इथं जलपर्यटन सुरू झालं. उद्या विष्णुपुरीलाही होईल, आणि व्हावं. पण होडीसोबत वारा ओळखणारा माणूसही यायला हवा.

तो नसला की काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात आहे. तिथलं टेबल रॉक सरोवर हेही धरणाचंच पाणी. 19 जुलै 2018 रोजी पर्यटकांची बोट त्यात उतरली, तेव्हा वादळाचा इशारा जारी होऊन वीसेक मिनिटं झाली होती. पाणी शांत होतं. थोड्याच वेळात ढगापुढचा वारा आला आणि 31 पैकी 17 जण बुडाले. लाइफ जॅकेट बोटीतच होती, पण ती घालायला कुणी सांगितलं नाही.

इशारा आपल्याकडंही असतो. भारतीय हवामान विभाग पुढच्या तीन तासांसाठी जिल्हावार इशारे देतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजा दाखवतं, आणि वीज दाखवणारा ढगच हा वारा सोडतो. परभणीचं कृषी विद्यापीठ मराठवाड्याच्या शेतकऱ्यांना हवामानाचा सल्ला देतं. माहिती फोनवर येते. पण ती वाचून ‘आता होडी सुटणार नाही’ असं म्हणण्याचा अधिकार काठावर कुणाकडं आहे? धरण जलसंपदा खात्याचं, मासे दुसऱ्या खात्याचे, पर्यटन तिसऱ्याचं. अंतर्देशीय जलयान कायदा 2021 साली आला, त्यात बिनइंजिनच्या होड्यांचाही विचार आहे. कागद आहे, काठावरचा माणूस नाही.

तो माणूस नेमणं अवघड नाही. पिढ्यान्‌पिढ्या गोदावरीवर काढलेल्या भोई वस्त्यांत आभाळ वाचणारे लोक आहेत. प्रत्येक वापरत्या धक्क्यावर त्यांच्यातल्या एकाला मार्च ते जून आणि पुन्हा परतीच्या पावसात मानधनावर बसवावं. त्याच्या हाती वाऱ्याचा वेग मोजणारं साधं यंत्र, लाल झेंडा आणि तो फडकवल्यावर कुणाचीही, अगदी पुढाऱ्याचीही, होडी थांबवण्याचा लेखी अधिकार द्यावा. पट्टे आवळून बांधलेल्या जॅकेटशिवाय कुणाला चढू देऊ नये, आणि मुलांच्या मापाची जॅकेटं वेगळी ठेवावीत. मोठ्याच्या जॅकेटमधून लहान मूल खाली निसटतं. नांदेड आणि लातूरच्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांनी येत्या उन्हाळ्याच्या आराखड्यात पूर आणि विजेसोबत जलाशयावरच्या वाऱ्याचं स्वतंत्र पान घालावं, आणि कोणत्या धक्क्यावर कोण बसणार त्यांची नावं मार्च उजाडण्याआधी जाहीर करावीत.