उन्हाळी कामावरचे गडी

मराठीतला ‘गडी’ हा शब्द मोठा मजेदार आहे. हुतूतूच्या खेळात गडी म्हणजे बरोबरीचा भिडू. शेतावर गडी म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत सालाने ठेवलेला नोकर. आपल्या जुन्या घरांतून दुसरा अर्थ पक्का रुजला आणि पहिला मुलांच्या खेळापुरता उरला. बिदर आणि गुलबर्गा (२०१४ पासून कलबुर्गी) या ज्या मुलखातून आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज हैदराबादेस आले, तिथे मात्र उन्हाळ्याच्या कामात या दोन अर्थांची अधूनमधून गाठ पडते. अशा गाठी पुष्कळ वर्षे टिकलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. म्हणून हा विषय.

गुलबर्ग्याची तूरडाळ सर्वांच्या ओळखीची आहे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ताटात येणाऱ्या डाळीमागे किती ऊन खर्ची पडते याची कल्पना फारच थोड्यांना असेल. तूर पौष-माघात निघते आणि गिरण्यांचा खरा हंगाम त्यापुढे, उन्हाच्या तोंडावर सुरू होतो. दाण्याचे साल घट्ट चिकटलेले. म्हणून आधी दाण्याला यंत्रावर चरे पाडायचे, मग तेलाचा हात द्यायचा आणि उघड्या अंगणात पसरून वाळवायचे. रात्री ढीग करून झाकायचा, सकाळी पुन्हा पसरायचा. असे काही दिवस चालले की मग कुठे साल सुटते आणि दाणा दुभंगतो. अंगणाला फरशी शहाबादची, म्हणजे त्याच जिल्ह्यातली. वैशाखात पारा चाळीस अंशांवर गेला की त्या फरशीवर अनवाणी पाऊल ठरत नाही, आणि तूर तर तासातासाने उलटावी लागते.

या कामात सर्वांत कठीण वेळ येते ती वळिवाची. दुपारी तीनपर्यंत आभाळ स्वच्छ असते, चारला पश्चिमेकडून धूळ उठते आणि पाऊण घटकेत टपोरे थेंब पडू लागतात. तेवढ्या अवधीत पसरलेली तूर ओढून तिचा ढीग करायचा आणि त्यावर ताडपत्री टाकायची. वाऱ्यात ताडपत्री एकट्याला आवरत नाही. समोरचे टोक ज्याने धरले आहे त्याने कुठे पाय रोवला, तो कधी ओढणार, कधी सैल सोडणार, हे न बोलता कळावे लागते. तिथे कानडी, मराठी आणि दखनी यांपैकी कोणती भाषा येते हा प्रश्न कुणी विचारीत नाही. तूर, तोगरी आणि तुवर एकाच ताडपत्रीखाली जातात!

आमच्या परिचयाचे दोन गृहस्थ १९७४ च्या उन्हाळ्यात अशाच एका अंगणात भेटले. एक निलंगा तालुक्यातल्या जुन्या वतनदार घरातला, दुसरा आळंदकडच्या कानडी शेतकऱ्याचा मुलगा. दोघेही कॉलेजात जाण्याच्या वयाचे. १९७२ च्या दुष्काळाने दोन्ही घरांवर कर्ज चढवले होते. वतनदारी तर केव्हाच कागदावर गेली होती. मुकादमाने दोघांनाही ‘पोट्टे’ म्हणूनच हाक मारली, आणि शनिवारी दोघांच्या हातावर सारखीच मजुरी पडली. पुढे तीन उन्हाळे ते बरोबर आले. आज दोघांनीही सत्तरी गाठली आहे. एकाच्या बहिणीच्या लग्नात दुसऱ्याने कोठी सांभाळली. दुसऱ्याच्या भाऊबंदकीच्या दाव्यात पहिला तारखेमागून तारखा बिदरच्या कोर्टात जाऊन बसला. निलंग्याचे गृहस्थ मित्राच्या आईला अव्वा म्हणत; ती वारली तेव्हा हे तेरा दिवस तिकडेच राहिले. यात कुणी कुणावर उपकार केला, अशी भाषा दोघांच्याही तोंडून आम्ही ऐकली नाही.

आता थोडे कडू बोलतो. आपल्या घरांतून गावच्या कुळांविषयी, गड्यांविषयी मोठ्या जिव्हाळ्याने बोलले जाते. ‘आमचा अमका आजोबांच्या वेळेपासूनचा’, ‘आम्ही त्याला घरचाच मानला’ वगैरे. तो जिव्हाळा खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याला ‘मानावे’ लागते तो घरचा नव्हे, हे त्या माणसालाही कळत होते. आडतीच्या दुकानात मालकाचा मुलगा सुट्टीत येऊन दिवाणजीशेजारी गादीवर बसे, रोजमेळ लिही, आणि हमालांशी हसून बोले. त्याला वाटे आपली सर्वांशी दोस्ती आहे. हमालांना काय वाटे, ते कुणी विचारले? निलंग्याच्या त्या मुलाचे घर सुस्थितीत असते, तर तोही गादीवरच बसला असता आणि आळंदच्या मुलाचे नावही त्याच्या ध्यानात राहिले नसते. दुष्काळाचे आभार मानावे अशी ही गोष्ट नाही. पण ती मैत्री जुळली ती हजेरीपटावर दोघांची नावे एकाखाली एक आली म्हणूनच, हे नाकारून कसे चालेल?

केवळ मोलमजुरीलाच ही गोष्ट लागू आहे असे नव्हे. स्वामी रामानंद तीर्थ आणि बाबासाहेब परांजपे यांचा स्नेह हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत, हलाखीत एकत्र शिकवताना मुरला, आणि पुढे अंबाजोगाईच्या शाळेत व हैदराबादच्या मुक्तिलढ्यात टिकला. त्याच स्वामीजींना १९५२ साली गुलबर्ग्याने लोकसभेवर निवडून दिले. त्या वेळी तो जिल्हा हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी रेषा ओढल्या गेल्या: उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूरकडे, जहीराबाद आंध्रात. एका जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. भाषेच्या न्यायाचा प्रश्न खरा आहे आणि भालकी-औरादकडच्या मराठी माणसाची व्यथाही खरी आहे. ती कुणी हसण्यावारी नेऊ नये. परंतु त्या सीमेवर सत्तर वर्षांच्या आसपास जी शांतता सामान्य माणसांनी राखली, तिच्यात अंगणांचा, खळ्यांचा, बाजारांचा वाटा ठरावांपेक्षा मोठा आहे, असे आमचे मत आहे.

हल्ली कित्येक गिरण्यांत यंत्राने तूर वाळते. मजुराच्या पायाचे पोळणे त्यामुळे कमी होत असेल तर ते चांगलेच झाले. जुन्या कष्टांचे गोडवे गाण्यात आम्हाला रस नाही. आमची तक्रार आपल्याच घरांविषयी आहे. आपल्या मुलांची मे महिन्याची सुट्टी आता शिबिरांत जाते. तिथे पैसे भरून ‘गटकार्य’ शिकवतात, आणि मुलाला भेटतात ती त्याच्याच शाळेतली, त्याच्याच जातीची, त्याच्याच मजल्यावरची मुले. कॉलेजात जाणाऱ्या मुलाने महिनाभर कुठे काम करावे असे सुचवले, तर ‘आपल्याला काय कमी आहे?’ असे उत्तर येते. मातोश्रींना उन्हाची काळजी वाटते, ती रास्त आहे. वडिलांना मात्र ओळखीचे कुणी पाहील याची काळजी वाटते!

अठरा वर्षे पुरी झालेल्या मुलाला एक उन्हाळा तरी कामावर पाठवून पाहावे. गिरणी नसेल तर मोंढा, छापखाना, गोदाम, काहीही चालेल. फक्त मालकाला चिठ्ठी देऊ नये, आडनाव सांगू नये, आणि शनिवारी मजुरी घेताना मुलाने रांगेतच उभे राहावे.