पॉइंट बावीस

सध्या आमच्या घराण्यात दोन तट पडले आहेत. भांडण जमिनीचं असतं तर निदान एखाद्या वकिलाच्या पोटाची सोय झाली असती. पण भांडण आहे काडतुसाचं.

झालंय असं, की आजोबांची शिकारीची रायफल वारसाहक्कानं माझ्या नावावर आली. वारसाहक्कानं म्हणजे कचेरीचे हेलपाटे घालून चपलांचे दोन जोड झिजवल्यानंतर. ली-एनफिल्डच्या घडणीची, .३१५ बोअरची. कोकणातल्या पावसाळ्यांनी नळी आतून पार खाऊन टाकली आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीत जो मसाला असे, त्याचे क्षार बार काढल्यावर नळीत राहत आणि हवेतलं पाणी ओढून घेत. त्यामुळं नळी गरम पाण्यानं धुवायची, पुसायची, तेल द्यायचं असा नियम होता. आजोबा शिकारीहून आले की गरम पाणी निघे, पण ते त्यांच्या पायांसाठी. नळीचं राहून जाई.

तेव्हा नळी बदलायची, क्लबचं सभासद व्हायचं आणि रेंजवर घरच्या सगळ्यांनी नेम धरायचा, इथपर्यंत एकमत आहे. प्रश्न एवढाच, की नवी नळी कुठल्या काडतुसाची? मुलुंडचे मामा, घाटकोपरचे भावजी आणि बोरिवलीचा चुलतभाऊ म्हणतात, .३१५च. अंधेरी पक्ष, म्हणजे मी, आमची ही आणि धाकटी मुलगी, म्हणतो .२२.

"अरे, तीनशे पंधरा कुठं आणि बावीस कुठं!" मामा गरजले. मामांनी तीस वर्षं बँकेत काढली. पॉइंट पाच टक्के व्याजासाठी ते ठेवीदारांशी हमरीतुमरीवर येत. पण रायफल दिसली की त्यांना दशांशचिन्ह दिसेनासं होतं. मामा, हे इंचाचे भाग आहेत हो! .२२ म्हणजे हजारातले दोनशे वीस. व्यासात म्हणाल तर तुमची गोळी दीडपटीच्याही आत आहे. वजनाचं मात्र खरं. .३१५ची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे सोळा ग्रॅमच्या आसपास. .२२ची ४० ग्रेन, अडीच ग्रॅमच्या थोडी वर. आता पुठ्ठ्याच्या चकतीला भोक पाडायला सहापट शिसं कशाला लागतं, हे मामांनी सांगावं. चकती चवताळून अंगावर आल्याचं ऐकिवात नाही.

आणि ज्या .३१५चा एवढा अभिमान, तिचा जन्म कशातून झाला? लष्कराचं काडतूस .३०३. ते रयतेच्या हाती नको, म्हणून साहेबानं .३०३ला बंदी घातली आणि बंदूकवाल्यांनी ऑस्ट्रियाच्या मान्लिखर काडतुसावर तीच रायफल बेतून हिंदुस्थानात विकली. म्हणजे बारीक गोळीला मनाई आणि जाड गोळीला परवानगी! १९०७ साली याच भीतीनं .४५० बोअर बंद केला, तर विलायतेतल्या कारखान्यांनी .४६५ आणि .४७० काढून राजेरजवाड्यांचे वाघ मारायची सोय केली. मनाई ताकदीला नव्हतीच, लष्कराची गोळी आपल्या नळीत बसण्याला होती. .३०३ आजही निषिद्ध बोअर आहे. तेव्हा .३१५ ही आमच्या घराण्याची परंपरा नसून साहेबाच्या संशयाची परंपरा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

बोरिवलीच्या चुलतभावाचा मुद्दा बिबट्याचा. त्याच्या मागं राष्ट्रीय उद्यान, मामांच्या पुढं तेच उद्यान. "उद्या आला सोसायटीत तर?" आला तर वन खात्याला फोन करावा. १९७२च्या कायद्यानं बिबट्याला आपल्याहून भक्कम संरक्षण दिलेलं आहे आणि १९९१च्या दुरुस्तीनं शिकारीचे परवानेही संपले. शिवाय सोसायटीच्या आवारात .३१५ झाडणाऱ्याकडून बिबट्याला फारसा धोका नाही. धोका दुसऱ्या मजल्याला आहे.

भावजींचा मुद्दा जरा वजनदार. म्हणतात, "आजोबांची वस्तू बाटवू नका." पण ली-एनफिल्डला .२२ करणं हा काही माझा चावटपणा नाही. इंग्रजांनी स्वतःच सराव स्वस्त व्हावा म्हणून झिजलेल्या नळ्यांत बारीक नळ्या बसवून असल्या कितीतरी रायफली केल्या. कॉलेजात एनसीसी केलेल्यांना .२२ची ओळख करून द्यायला नको. कामात कसब आहे, ते कबूल. .३१५ला पिन काडतुसाच्या मधोमध बसते, .२२ला कडेवर बसावी लागते. म्हणजे बोल्टचं तोंड बदलावं लागतं आणि ते परवानाधारक बंदूकवाल्याकडूनच. दस्ता तोच, घडण तीच, आजोबांच्या गालाचं तेल प्यायलेलं लाकूडही तेच. माणसाचा गुडघा बदलला म्हणून आपण त्याचं आडनाव बदलतो का?

मामांना .२२ 'पोरांची' वाटते. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली ती पन्नास मीटरवर, .२२नं. राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ साली पॅरिसहून कांस्यपदक आणलं, तेही .२२नं. दोघंही कोल्हापूरकडची. तांबड्या रश्शावर पोसलेल्या माणसांना जी पुरते, ती मुलुंडला पुरू नये?

खरी गोम वेगळीच आहे. ही सगळी मंडळी 'कुटुंबासाठी' रायफल म्हणतात. आजोबांच्या काळी कुटुंब म्हणजे बायको, आणि आजीनं ही रायफल धूळ झटकण्यापलीकडं कधी हातात धरली नाही. .३१५चा धक्का खांद्यावर घेऊन दिवसाला चार बार काढावेत, मग आठवडाभर शेक घ्यावा. काडतुसाची किंमतही अशी, की प्रत्येक बाराला महिन्याचं दूध आठवावं. मग होणार काय? पुरुषमंडळी एकेक बार काढणार, फोटो निघणार आणि बायका डबे उघडणार. .२२ला धक्का जवळजवळ नाहीच. मुलगी सकाळभर पन्नास बार काढेल, चुकेल, पुन्हा काढेल. नेम असाच बसतो. आमची ही तर पाच किलोचं पीठ एका हातानं उतरवते, तिला रायफलीचं वजन काय सांगता? पण हे मामांपुढं बोलायची सोय नाही. ते लगेच म्हणतात, "बायकांना हवेची रायफल घ्या, परवानासुद्धा लागत नाही." घेऊ ना! पण मग आजीची सून म्हणून माझ्या आईनं, आणि आईची सून म्हणून हिनं, या रायफलीची फक्त धूळच झटकायची का?

परवान्यावर बोअरचा रकाना असतो आणि काडतुसं त्याबरहुकूमच मिळतात. तिथं .३१५ऐवजी .२२ करून मिळावं असा अर्ज मी काल दिला. तो मंजूर व्हायच्या आत एखादी निवडणूक लागेल आणि रायफल रिवाजाप्रमाणं पोलीस ठाण्यात माहेरपणाला जाईल. तेवढ्या मुदतीत मामांनी लेखी हरकत पाठवावी. दशांशचिन्हासकट.