रविवारची मराठी

"ख्रिश्चन आहेस? मग घरी इंग्लिशच बोलत असाल ना?"

हा प्रश्न कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून आजच्या ऑफिसपर्यंत मला किती वेळा विचारला गेला, याचा हिशेब मी केव्हाच सोडून दिलाय. त्याची भावंडंही ठरलेली आहेत. "मूळचे गोव्याचे का?" आणि "मराठी इतकं चांगलं कसं काय बोलतोस रे?" मंडळी, मी धाराशिव जिल्ह्यातला. घरी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. आज्जीच्या इंग्रजीत एकूण दोन शब्द, 'टायम' आणि 'डाक्टर'. आता यात गोवा कुठून आणू?

विचारणाऱ्यांवर माझा राग नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक १० लाख ८० हजारांच्या आसपास होते, म्हणजे शंभरात एकसुद्धा नाही. आमच्या जिल्ह्यात तर प्रमाण त्याहूनही कमी. बाकी ओळख हिंदी सिनेमाने करून दिलेली, त्यामुळे लोकांच्या डोक्यात गिटार, केक आणि "ओ मॅन" एवढंच बसलंय. खेड्यातल्या चर्चमध्ये सतरंजीवर एका बाजूला बाप्ये, दुसऱ्या बाजूला डोक्यावर पदर घेतलेल्या बाया, दाराबाहेर चपलांचा ढीग आणि पुढे पेटी-तबला, हे चित्र सिनेमात येत नाही. नावंसुद्धा तशीच. पुढे दाविद, शलमोन, मार्था, रूथ आणि मागे गायकवाड, कांबळे, शिंदे.

या लोकांचा देव त्यांच्या रोजच्या जगण्याच्या किती जवळ आहे हे बघायचं असेल, तर उपासनेतली प्रार्थनेची वेळ बघावी. पाळक विचारतात, कुणाला काही विनंती? मग एकेक जण उठतो. बोअरला पाणी लागू दे. सोयाबीनला भाव मिळू दे. थोरलीचं जमू दे. आईचा गुडघा बरा होऊ दे. आणि एखादी बाई हळूच म्हणते, यंदा तरी उचल फिटू दे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. उचल म्हणजे ऊसतोड मजुराने हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. आमच्या जिल्ह्यातून आणि शेजारच्या बीडमधून दरवर्षी कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसपट्ट्यात जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात आणि घेतलेली रक्कम घामाने फेडतात. नाताळ येतो तो ऐन गाळप हंगामात. त्यामुळे ज्यांच्या घरचे तोडीला गेलेत त्यांचा नाताळ फडावरच्या कोपीत होतो आणि गावातल्या चर्चमधल्या त्यांच्या जागा रिकाम्या राहतात.

आता 'उचल फिटू दे' हे इंग्रजीत म्हणून बघा. 'ॲडव्हान्स' म्हणाल? 'लोन क्लिअर होऊ दे' म्हणाल? त्यात मुकादम येत नाही, कोयता येत नाही, फडावर शाळा बुडालेलं पोर येत नाही. माझं आजचं सगळं म्हणणं या एका वाक्याभोवतीच आहे, पण त्याआधी थोडा इतिहास.

जानेवारी २०२० मध्ये आमच्या गावी, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. (२०२३ पासून अधिकृत नाव धाराशिव.) अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांची निवड झाली आणि काही संघटनांनी आक्षेप घेतला की ख्रिस्ती धर्मगुरू मराठी संमेलनाचा अध्यक्ष कसा? महामंडळाच्या पदाधिकाऱ्यांना धमकीचे फोन आल्याच्या बातम्या आल्या. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि हॉस्टेलमध्ये बसून हे सगळं वाचत होतो. शेवटी संमेलन झालं. पाठीच्या दुखण्याने बेजार असलेले फादर व्हीलचेअरवर बसून आले, उद्घाटन ना. धों. महानोरांनी केलं. ज्या माणसाच्या मराठीपणावर शंका घेतली गेली, त्याने अख्खं बायबल आजच्या मराठीत आणलं होतं. त्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कारही मिळाला होता. जुलै २०२४ मध्ये फादर गेले.

खरं तर आक्षेप घेणाऱ्यांना उत्तर द्यायला वसईपर्यंतही जायची गरज नव्हती. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं, तेही ओवीत. हा माणूस जन्माने इंग्रज! १८४२ मध्ये अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनने 'ज्ञानोदय' सुरू केलं. हे मिशन एकोणिसाव्या शतकातच आमच्या शेजारच्या सोलापुरापर्यंत पोचलं होतं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती मंडळींना अभंग दिले, भजन-कीर्तन दिलं. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते म्हणत. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणलं, जे त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये छापून झालं. साध्या बाईमाणसाला कळावं म्हणून हा खटाटोप. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर हे नुसतं मेनू आणि बटणांचं भाषांतर नव्हतं, सगळी सिस्टीम मराठीत नव्याने लिहिली होती.

आणि देवाशी आपल्या भाषेत बोलता यावं यासाठी माणसांनी फार किंमत मोजलीय. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीता मराठीत आणली ती काही सगळ्यांच्या आवडीने नाही. त्याच संतमेळ्यातले गोरोबाकाका आमच्या जिल्ह्यातल्या तेरचे. तिकडे युरोपात बायबल इंग्रजीत आणणाऱ्या विल्यम टिंडेलला १५३६ मध्ये मृत्युदंड झाला. कारण तेव्हा इंग्रजी ही गावठी भाषा होती बरं का! कॅथलिक चर्चमध्ये तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२ ते ६५) मिस्सा लॅटिनमध्येच व्हायची. म्हणजे वसईच्या शेतकऱ्याला मराठीत मिस्सा मिळून अजून साठ-पासष्ट वर्षंच झालीत.

आणि आता आपण काय करतोय?

आपण म्हणजे माझ्यासारखे. मराठवाड्यातून शिकून पुण्यात आलेले, आयटी पार्कच्या आसपास फ्लॅट शोधणारे. यातले माझ्या ओळखीचे बहुतेक जण रविवारी इंग्रजी उपासनेला जातात. तिथे एसी आहे, ड्रम आहे, स्क्रीनवर शब्द येतात, पार्किंगही मिळतं. मराठी उपासना? "यार, ती म्हाताऱ्यांची असते." लग्न झालेले म्हणतात, पोरं इंग्लिश मीडियमची आहेत, त्यांना 'तारणारा' आणि 'पश्चात्ताप' कुठे कळणार?

यावर नेहमीचं उत्तर असं की देवाला सगळ्या भाषा कळतात. अगदी मान्य. देवाला कुठलीही भाषा चालते, प्रश्न त्याचा नाहीच. प्रश्न आपल्या शेजारी कोण बसतं याचा आहे. इंग्रजी उपासनेतही प्रार्थनेच्या विनंत्या असतात. व्हिसा मिळू दे, अप्रेझल नीट होऊ दे, ले-ऑफ टळू दे. याही खऱ्याच काळज्या आहेत, मी त्यांची टिंगल करत नाही. रात्री दोनला प्रॉडक्शन बंद पडल्यावर मीही देवाचा धावा केलाय :) पण ज्या खोलीत व्हिसासाठी प्रार्थना होते, त्या खोलीत 'उचल फिटू दे' म्हणणारी बाई नसते. असली तरी तिला तिथे उठून बोलता येणार नाही. मराठी उपासनेत मात्र इंजिनिअर आणि कोयतावाली एकाच सतरंजीवर बसू शकतात, आणि तिची काळजी त्याला आपोआप माहीत होते. पुढे तिच्या पोराची हॉस्टेलची फी कोण भरणार, अर्ज कोण लिहून देणार, हे त्याच माहितीतून ठरतं. नुसत्या 'चॅरिटी'साठी वर्षातून एकदा गावाकडे पैसे पाठवून हे होत नाही.

म्हणून मला वाटतं, भाषा सोडली की आधी माणसं सुटतात आणि विश्वास नंतर पातळ होतो. शिवाय आपण अभिमानाने म्हणतो की आम्ही मराठीच आहोत, पाहुणे नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा स्टेटस आम्हीही ठेवले. पण पुढची पिढी घरी इंग्रजी आणि चर्चमध्येही इंग्रजी बोलणार असेल, तर "घरी इंग्लिशच बोलत असाल ना?" या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर काय असेल? 'हो'! संमेलनाच्या वेळी आक्षेप घेणाऱ्यांना जे जमलं नाही ते आपणच करून ठेवू.

दोष एकाच बाजूचा आहे असंही नाही. मराठी उपासनेतली भाषा कधीकधी इतकी संस्कृत होते की बी. ई. झालेल्यालाही घाम फुटावा. दीड-दीड तास उपदेश चालतो. तरुणांना पेटीवर बसू देत नाहीत आणि मग तरुण येत नाहीत म्हणून तक्रार. पाळक आणि पंचमंडळींनी याचा विचार करायला हवा. रमाबाईंनी शंभर वर्षांपूर्वी साधी भाषा निवडली, ती आज अवघड का जावी?

बाकी आपल्या हातातलं सांगतो. महिन्यातून निदान दोन रविवार मराठी उपासनेला जावं, पोरं असतील तर त्यांना घेऊन. शब्द अडला तर घरी येताना सांगावा, पोरं लगेच शिकतात. दुसरं म्हणजे गाणी. आमच्याकडच्या कितीतरी भजनांचे शब्द फक्त हाताने लिहिलेल्या वह्यांत आहेत आणि चाली फक्त म्हाताऱ्यांच्या गळ्यात. ती टाईप करणं, चाली मोबाईलवर रेकॉर्ड करणं, हे काम आपल्याइतकं सोपं दुसऱ्या कुणाला आहे? मी आज्जीच्या वहीपासून सुरुवात केलीय, चाळीसेक गाणी झाली.

आणि कृपा करून स्क्रीनवर मराठी गाणी रोमन अक्षरांत टाकू नका हो. स्टीफन्सचं पुराण रोमन लिपीत छापावं लागलं, कारण १६१६ मध्ये गोव्याच्या छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते. आपल्या प्रत्येकाच्या खिशात युनिकोड आहे. आपलं कारण काय?