घंटागाडीत द्या म्हणाले

बंड्या गेला त्याला आज तेरा दिवस झाले. तेरावं वगैरे काही घालत नाहीये, काळजी नसावी. पण लिहायचं राहिलं होतं, ते लिहितो.

किडन्या गेल्या होत्या. आठवडाभर रोज सलाईन, शेवटी तर पाणीही नको झालं. रविवारी पहाटे बाबांच्या पायाशी गेला. ११ वर्षं घरात होता. गावठीच, पार्किंगमध्ये सापडलेला.

सकाळी सात वाजता प्रश्न पडला, आता याला न्यायचं कुठे? फ्लॅटवाल्याकडे चार फूट जमीन नसते. सोसायटीच्या बागेत पुरायला सेक्रेटरी नाही म्हणाले. त्यांचं चुकलं असंही नाही, उथळ पुरलेलं जनावर दुसऱ्या दिवशी भटकी कुत्रीच उकरून काढतात. मग महापालिकेला फोन. तीन नंबर फिरवल्यावर एकाने सांगितलं, "गोणीत घाला आन् घंटागाडीत द्या. आज रविवार, गाडी जरा उशिरा येईल." माणूस उद्धट नव्हता हो. त्याच्या लेखी मेलेलं कुत्रं म्हणजे कचराच, त्याला तरी कोणी वेगळं काय सांगितलंय?

आता गंमत बघा. याच महापालिकेचा बंड्याचा परवाना माझ्या कपाटात आहे. दरवर्षी पैसे भरून, रेबीजच्या लसीचा दाखला जोडून नूतनीकरण केलेला. त्यावर त्याचा फोटो आहे, रंग आहे, मालक म्हणून बाबांचं नाव आहे. जिवंत असेपर्यंत नोंद, पावती, नाव. मेला की गोणी.

शेवटी एका मित्राच्या शेतावर नेला, ४० किलोमीटर. त्याने बांधाला खोल खड्डा घेऊन ठेवला होता, मिठाचं पोतंही आणलं होतं. पण शेतवाला मित्र प्रत्येकाला नसतो. ज्यांना नसतो ते रात्री नदीकाठी किंवा नाल्यात टाकून येतात, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. हा प्रश्न नुसत्या भावनेचा नाही, आरोग्याचाही आहे.

आणि हे अशक्य आहे असंही नाही. मुंबईत मालाडला पालिकेने २०२३ मध्ये लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दाहिनी सुरू केली. मग बाकीच्या शहरांत का नको? एक दाहिनी, रात्री-अपरात्री उचलला जाणारा एक फोन आणि कचऱ्याची नसलेली एक गाडी. यापलीकडे काही मागत नाही. परवान्याच्या फीतून भागत नसेल तर वेगळे पैसे घ्या, देऊ.

"इथे माणसांची सोय नाही आणि तुम्हाला कुत्र्यांचं पडलंय," हे येणारच. मान्य आहे. अजून कित्येक गावांत स्मशानावर धड शेड नाही, पावसात प्रेत ताडपत्रीखाली जाळावं लागतं. पण शहरात कुत्र्यांची दाहिनी झाली नाही म्हणून तो पैसा त्या शेडला गेला, असं कधी ऐकलंय का? ज्यांच्या पोराला भटकं कुत्रं चावलंय त्यांचा राग मी समजू शकतो. त्यांच्याशी माझं भांडण नाही. नोंदणी, लस आणि जबाबदार मालक त्यांनाही हवेत आणि मलाही.

राहिलं दुःखाचं. ऑफिसात एक जण म्हणाला, "कुत्राच होता ना, दुसरा आण." २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये रतन टाटांच्या अंत्यदर्शनाला त्यांच्या 'गोवा'ला आणलं होतं, तेव्हा याच गृहस्थाने तो व्हिडिओ तीन ग्रुपवर टाकला होता, रडक्या इमोजीसकट. धर्मराज स्वर्गाच्या दारात कुत्र्यासाठी अडून बसला, ही गोष्ट तर आपण कीर्तनात माना डोलवत ऐकतो. (त्या गोष्टीत तो कुत्रा शेवटी साक्षात धर्म निघतो, हे मला कधीच आवडलं नाही. नुसता कुत्रा असता तर सोडायचा होता का?)

बाबा अजून साडेपाचला उठतात. चप्पल घालतात, दारापर्यंत जातात आणि परत येऊन पेपरची वाट बघत बसतात. फिरायला जा म्हटलं तर म्हणतात, "एकट्याने काय फिरायचं?"

परवाना रद्द करायला मी सोमवारी ऑफिसात जाऊन आलो. नवा, नूतनीकरण, मालक बदल, सगळ्याचे फॉर्म आहेत. मेल्याचा नाही. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "राहू द्या, मुदत संपली की आपोआप बंद होईल." त्याआधी नूतनीकरणाचा मेसेज मात्र येतो, दरवर्षी येतो. नंबर बाबांचा दिलेला आहे.